माठ, कूलर आणि कुत्र्याची जीभ

मागच्या मे महिन्यात अकोल्याला मामेबहिणीचं लग्न होतं. आम्ही डोंबिवलीहून गाडी रात्रीच काढली, कारण सोबत बाळ्या होता. बाळ्या म्हणजे आमचा सात वर्षांचा लॅब्रेडॉर. पोळीला तूप लावल्याशिवाय तोंड न लावणारा, त्यामुळे अंगानं चांगलाच भरलेला. लग्नघर म्हटल्यावर कुणी कुत्र्याला घाबरणारं, कुणाच्या कडेवर तान्हं मूल, आणि सोवळ्यातल्या मावशीआजी वेगळ्याच. म्हणून नवरदेवाची वरात दारात यायच्या वेळी बाळ्याला गच्चीवरच्या खोलीत ठेवलं. पंखा लावला, घमेलंभर पाणी ठेवलं, डीजेचा त्रास नको म्हणून खिडक्याही लावून घेतल्या. सगळं त्याच्या सोयीचंच. खोलीला वरून पत्रा आहे, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तासाभरानं मी वर गेले तेव्हा वीज गेलेली होती. घमेलं उपडं पडलं होतं आणि बाळ्या दाराच्या फटीला नाक लावून पसरला होता. जीभ बाहेर लोंबत होती, टोकाला उलथन्यासारखी रुंद झालेली. लाळ खळीसारखी चिकट, हिरड्या लालभडक. उठायला गेला तर मागचे पाय दोन दिशांना गेले.

खाली आणल्यावर अंगणात परिषदच भरली. मावशी म्हणाली, "अगं, अंग तापलंय त्याचं, तापाची अर्धी गोळी दे." काका म्हणाले, "कांद्याचा रस चोळा तळपायांना, ऊन उतरतं." मागून कुणीतरी ओरडलं, "गार पाणी टाकू नका हं, झटका बसेल!" तिन्ही सल्ले मायेनं दिलेले आणि तिन्ही चुकीचे. मामानं कुणाचंच ऐकलं नाही. त्यानं हौदाजवळचा पाइप ओढून बाळ्यावर धरला आणि जनरेटरवर चालणारा मांडवातला मोठा उभा पंखा त्याच्याकडे वळवला. बाळ्या वाचला.

ते सल्ले चुकीचे का आणि मामाचा पाइप बरोबर का, हे मला नीट कळायला बरेच दिवस लागले. होळीपासून पुढचे तीन महिने आपल्याकडे ऊन, लग्नं, जत्रा आणि सुट्ट्या एकदमच येतात. हवामान खात्याचा इशारा आला की माणसांनी काय करावं हे सगळीकडे छापून येतं. दारातल्या जनावराचं शरीर वेगळं चालतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

## माठातलं पाणी गार का होतं

आजोळच्या माठातलं पाणी प्यायलं की दात शिवशिवतात. तिथलाच एक माठ मी हौसेनं डोंबिवलीला आणला. त्यातलं पाणी नळापेक्षा जेमतेम बरं. माठ तोच, माती तीच, फरक हवेचा. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगावर त्याची वाफ होते, आणि जाताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. हेच बाष्पीभवन. अकोल्याची कोरडी हवा पाणी पटापट उचलते. डोंबिवलीची हवा आधीच ओलीचिंब. भिजलेल्या फडक्यानं ओटा कोरडा होईल का? वऱ्हाडात राज्य करणारा कूलर मुंबईत खोलीचं न्हाणीघर करतो, तोही याच कारणानं.

माणूस हा चालताबोलता माठ आहे. लाखो घामग्रंथींतून त्याचं अंग सगळीकडून पाझरतं. कुत्रा म्हणजे बाहेरून गिलावा केलेला रांजण. त्याच्या पंजांच्या गाद्यांना थोडा घाम येतो, फरशीवर ओले ठसे उमटतील इतकाच. अंग थंड करण्याचं जवळपास सगळं काम जीभ, तोंडाचं आतलं ओलं अस्तर आणि नाक यांच्यावर पडतं. निवांत पडलेला कुत्रा मिनिटाला १० ते ३० वेळा श्वास घेतो. धापा टाकताना हाच आकडा २०० ते ४०० वर जातो. तो दमलेला असेलच असं नाही. त्या वेळी तो स्वतःचा कूलर चालवत असतो.

या कूलरच्या दोन अडचणी आहेत. हवा दमट असली की जिभेवरचं पाणी उडत नाही. आणि धापा टाकणं हेही स्नायूंचं कष्टाचं काम, त्यातून पुन्हा उष्णता तयार होते. कर्ज फेडायला कर्ज काढावं तशी गत.

म्हणून फक्त पारा बघून चालत नाही. हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सियस धरतं, किनारपट्टीवर मात्र ३७ अंशच; शिवाय ते सहसा नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावं लागतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथले ४५ चे आकडे टीव्हीवर पाहून कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात "आपल्याकडे कुठे तसा उन्हाळा" म्हणून निर्धास्त राहिलेल्याच्या कुत्र्याची जीभ काम करेनाशी झालेली असते.

बाळ्याचं काय झालं ते आता लक्षात येईल. पत्र्याखालची बंद खोली. त्याच्या श्वासातली वाफ आतच साचत गेली. कोरड्या अकोल्यात आम्ही त्याच्यासाठी एक छोटीशी मुंबई उभी केली. वीज असती तरी पंख्यानं फार काही झालं नसतं. पंख्याखाली आपल्याला गार वाटतं ते घाम उडतो म्हणून. ज्याच्या अंगाला घामच येत नाही त्याच्यावर पंखा नुसतीच गरम हवा फेकतो. अंग ओलं केलं की मात्र तोच पंखा कामाला येतो.

## नाक जितकं आखूड, तितका कूलर लहान

लांब नाकाच्या कुत्र्याला बाष्पीभवनासाठी आत भरपूर ओली जागा मिळते. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर यांची ती जागाच माणसानं पैदाशीत चेपून टाकली आहे. मोबाइलच्या एका जाहिरातीनंतर आपल्याकडे घरोघरी पग आले. उन्हाळ्यात थंड पडून राहायचं तर पगला लॅब्रेडॉरपेक्षा जास्त धापा टाकाव्या लागतात, आणि त्याला त्या धड टाकता येत नाहीत. ब्रिटनमधल्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅब्रेडॉरच्या तुलनेत उष्णतेनं आजारी पडण्याचा धोका पगला तिप्पट, बुलडॉगला चौदापट आणि चाऊ चाऊला सतरापट निघाला.

चपटं तोंड नसलं तरी लठ्ठपणा, म्हातारपण, हृदयाचा किंवा श्वासाचा आजार यांनी तेच होतं. बाळ्याच्या पोळीवरचं तूप आता बंद आहे. याबद्दल तो माझ्याशी बोलत नाही.

## ताप वेगळा, उष्माघात वेगळा

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण १०१ ते १०२.५. त्यामुळे आपल्या हाताला कुत्रा नेहमीच थोडा कोमट लागतो. हात लावून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

जंतूंशी लढायला शरीर मेंदूतलं तापमानाचं बटण स्वतःच वर सरकवतं, तो ताप. तापाची गोळी ते बटण खाली आणते. उष्माघातात बटण जागच्या जागी असतं. बाहेरून आणि स्नायूंतून इतकी उष्णता येते की ती टाकून द्यायला शरीर कमी पडतं. तिथे गोळी काय करणार? उलट पॅरासिटामॉलनं कुत्र्याच्या यकृताला इजा होऊ शकते, आणि मांजराला तर एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. आपल्या डब्यातलं औषध त्यांना नाही, एवढं पक्कं धरून चाला.

तापमान ४१ अंशांच्या पुढे गेलं की पेशींमधली प्रथिनं बिघडू लागतात. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तो पुन्हा पातळ होत नाही. आतड्याचं अस्तर फाटकं होतं, तिथले जंतू रक्तात शिरतात, रक्त गोठण्याची यंत्रणा विस्कटते, मूत्रपिंडं थकतात. यातलं बरंचसं दोन-तीन दिवसांनी बाहेर दिसतं. म्हणून "पाणी मारलं, शेपूट हलवली, झालं" म्हणून थांबू नये. बाळ्याला आम्ही त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं. दोन दिवस सलाइन लागलं, रक्त दोनदा तपासलं, आणि बहिणीची पाठवणी मी मोबाइलवर पाहिली.

## "मग गावातली कुत्री कशी जगतात?"

हा प्रश्न प्रत्येक लग्नात एक तरी काका विचारतातच, आणि प्रश्न चांगला आहे. आपली गावठी कुत्री शेलाटी असतात, नाक लांब, केस आखूड. पण खरा फरक दुपारी गावात चक्कर मारल्यावर दिसतो. बारा ते चार या वेळात रस्त्यावर एक कुत्रं दिसत नाही. कुणी उभ्या ट्रकखाली, कुणी गटाराच्या ओल्या कडेला, कुणी कुंपणाखालची माती उकरून केलेल्या गार खळग्यात. कुठे पडायचं, केव्हा हलायचं हे ती स्वतः ठरवतात. (सगळीच जगतात असंही नाही, मेलेली कुणी मोजत नाही.)

पाळलेल्या कुत्र्याच्या हातात हे ठरवणं नसतं. साखळी आपल्या हातात, दार आपल्या हातात. शिवाय त्याला आपली मर्जी राखायची असते. तुम्ही चेंडू फेकलात की तो धावतोच, जीभ गुडघ्याला लागली तरी. त्याच ब्रिटिश संशोधकांच्या आणखी एका अभ्यासात उष्णतेनं आजारी पडलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश कुत्री धावपळीमुळे, फिरण्या-खेळण्यामुळे आजारी पडली होती. बंद गाडीतली पाच टक्क्यांच्या आसपास.

तेव्हा फेरी सकाळी सातच्या आत. संध्याकाळी सूर्य बुडाला तरी डांबर लगेच निवत नाही. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवून सातपर्यंत मोजा. ठेवता आली नाही तर त्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही. एखाद दिवस फेरी चुकली म्हणून कुत्रं मरत नाही.

## सणाच्या दिवशी नेमकं काय बिघडतं

सण म्हणजे प्राण्याचं ठरवणं त्याच्याकडून पूर्ण काढून घेण्याचा दिवस. पाडव्याला डोंबिवलीत फडके रोडकडे स्वागतयात्रा निघते. घरात पहाटेपासून गुढीची गडबड. फेरी सातऐवजी दहाला निघते, तीही पळत. एरवी तो ज्या गार फरशीवर लोळतो तिथे रांगोळी आणि पाहुण्यांच्या चपला. म्हणून त्याला बाल्कनीत, जिन्यात किंवा गच्चीत बांधलं जातं. सकाळी सावलीत बांधलेलं कुत्रं अकराला उन्हात येतं, कारण सूर्य सरकतो आणि साखळी सरकत नाही.

पाहुण्यांना चावू नये म्हणून काही जण त्याच्या तोंडाला घट्ट कापडी पट्टा बांधतात. आता जिभेचा कूलर आठवा. तोंड उघडताच आलं नाही तर धापा टाकायच्या कशा? उन्हाळ्यात असा पट्टा म्हणजे कूलरचा प्लगच काढून घेणं. बांधणं अगदी अटळ असेल तर आतून तोंड उघडता येईल अशी पिंजऱ्यासारखी जाळी मिळते, ती वापरा.

मग आवाज. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांपर्यंत, मांजराला त्याहून वर. आपल्याला ढोलाचा ठेका ऐकू येतो, त्यांना त्यासोबत आणखी बरंच काही. फटाक्यांसाठी नियमानं घातलेली मर्यादा फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलची आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानं बंद आहेत. वराती हे वाचत नसाव्यात.

भीतीनंही कुत्रं धापा टाकतं. थरथरतं, येरझाऱ्या घालतं, म्हणजे स्नायू उष्णता तयार करतात. त्याच वेळी आवाज नको म्हणून आपण खिडक्या लावतो आणि हवा कोंडते. दिवाळीत हे थोडंफार खपून जातं, हवा गार असते. मे महिन्याच्या वरातीत भीती आणि ऊन एकमेकांच्या हातात हात घालून येतात, आणि धाप कशाची हे ओळखू येत नाही. म्हणून मी आता बाहेरून बघत बसत नाही. दर अर्ध्या तासानं कुणीतरी आत जाऊन हिरड्या बघतं. गुलाबी असल्या तर ठीक. गडद लाल किंवा फिक्या-राखाडी दिसल्या तर लगेच पाणी आणि फोन.

खोली निवडताना पत्र्याखालची किंवा पश्चिमेची नको. तळमजल्यावरची, आतली, फरशीची. पाणी दोन जड भांड्यांत, उपडी न होणाऱ्या. घरातली झोपेची गोळी त्याला देऊ नका. काही गुंगीच्या औषधांनी शरीराचं तापमान सांभाळण्याची यंत्रणाच ढिली पडते. आवाजाची फार भीती असेल तर सणाच्या पंधरा दिवस आधी पशुवैद्याला विचारा. आणि गळ्यात फोन नंबर लिहिलेला पट्टा. लग्नघराचं दार दिवसभर उघडंच असतं.

होळीचं थोडक्यात. कोरडा रंग नाका-डोळ्यांत जातो, आणि अंगावरचा रंग कुत्रं-मांजर चाटूनच साफ करतं, म्हणजे तो पोटात जातो. धुवायला साधं पाणी आणि प्राण्यांचा सौम्य शाम्पू. रॉकेल नको. थंडाईतली भांग त्यांना गमतीखातर पाजणारे महाभाग असतात. कुत्रं झोकांड्या खातं, लघवी गळते, कधी शुद्ध हरपते. डॉक्टरांना खरं सांगा, लाजून "काय खाल्लं माहीत नाही" म्हणू नका. उपचाराला तासभर उशीर तिथेच होतो.

## ताटातलं काय चालतं

आमरस काढताना कोयी आणि साली एका ताटात साठतात आणि ते ताट खाली ठेवलेलं असतं. रसाळलेली, गोड, हाडाच्या आकाराची कोय. कुत्र्याला याहून मोठं बक्षीस काय? मध्यम कुत्रं ती अख्खी गिळतं. ती आतड्यात अडकते, दोन दिवस ओकाऱ्या होतात आणि बऱ्याचदा पोट उघडावं लागतं. आखाजीपासून पुढे महिनाभर कोयींचं ताट ओट्यावर, झाकून. फोड मात्र खुशाल द्या, साल आणि कोय काढून.

द्राक्षं आणि बेदाणे यांबद्दल लोकांचा विश्वासच बसत नाही. पण त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादा मूठभर पचवतो, दुसऱ्याला थोडेही बाधतात, आणि आपला कोणता ते आधी कळत नाही. दोष बहुधा त्यांतल्या टार्टरिक आम्लाचा, म्हणून चिंचही त्याच यादीत. प्रसादाचा शिरा, लग्नातला मसालेभात, काजू-बेदाण्यांची पुडी, सगळीकडे लक्ष हवं.

आणि कांदा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, लागलं तर तळपायाला रस, हे आपल्या आजीच्या काळापासून चालत आलंय. माणसाचं माणसानं पाहावं. कांद्या-लसणातल्या गंधकाच्या संयुगांनी कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजलेला असो की तळलेला. मांजराला वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम कांदा बाधू शकतो. म्हणजे चार किलोच्या मनीला लहान कांद्याचा एक तुकडा. पायाला चोळलेला रस ते चाटणार, हे सांगायला नकोच. परिणाम काही दिवसांनी दिसतो, तेव्हा कांद्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते. भज्यांची, रश्श्याची गोष्टही तीच.

शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, चॉकलेट विषारी आणि साखरविरहित गोळ्यांमधलं झायलिटॉलही. पुरणपोळीनं विष होत नाही, पण तुपाचा मोठा मारा स्वादुपिंडाला सुजवतो. "एकच तुकडा" म्हणणारे वीस पाहुणे असले की वीस तुकडे होतात. मी आता त्याचं खाणं एका वाटीत काढून पाहुण्यांना सांगते, लाड करायचे तर यातूनच.

ताक? पातळ, बिनमिठाचं, थोडं, आणि आधी पचलं असेल तर चालतं. जिरं-मिरची-हिंगाचा मठ्ठा नको. साध्या पाण्याला तोड नाही.

## "पाचच मिनिटांत येतो, गाडीत राहू दे"

उन्हात उभी गाडी म्हणजे काचेची पेटी. ऊन आत येतं, उष्णता बाहेर पडत नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा बंद गाडीतलं तापमान तासाभरात सुमारे २२ अंशांनी चढलं आणि त्यातला ८० टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासात. खिडकी दीड इंच उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. सुट्टीला गावी जाताना ढाब्यावरची पाच मिनिटं किती वेळात संपतात ते आपल्याला ठाऊक आहे. एक जण आत जेवेल, एक जण झाडाखाली कुत्र्याजवळ बसेल, मग अदलाबदल. रेल्वेनं न्यायचं तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा कूपे पूर्ण आपल्या नावावर लागतो. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी, आणि मे महिन्याच्या दिवसा ती मी शत्रूच्या कुत्र्यालाही सुचवणार नाही.

## केस भादरावेत का?

जर्मन शेफर्ड, हस्की, आणि आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो ती पांढरी झुबकेदार कुत्री यांना केसांचे दोन थर असतात. वरचा थर ऊन अडवतो. मातीच्या घराच्या जाड भिंती दुपारी बाहेरची झळ आत येऊ देत नाहीत, तसं. मुळापर्यंत भादरलं तर कातडी भाजते आणि केस पुन्हा धड येतीलच असं नाही. आतला गळलेला लोकरीसारखा थर रोज विंचरून काढा. हवा खेळते ती त्यानं. गुंता झालेले, जटा धरलेले केस कापावे लागतात, ते वेगळं.

## आधी पाणी, मग दवाखाना

आपली पहिली धाव गाडीकडे जाते. पशुवैद्यकातलं आताचं सांगणं उलटं आहे: आधी थंड करा, मग न्या. ब्रिटनमधल्या नोंदींत दवाखान्यात आणण्यापूर्वी थंड केलेली कुत्री पाचांत एकच निघाली.

सावलीत आणा. अंगावर भरपूर पाणी ओता, पोट, काखा आणि जांघांवर विशेष, आणि समोर पंखा किंवा वारा घाला. तरुण, धडधाकट कुत्रं हौदात किंवा टबात मानेपर्यंत बसवलं तरी चालतं, डोकं वर धरून. म्हाताऱ्याला, आजाऱ्याला ओतलेलं पाणी आणि वारा बरा. पाणी त्याच्या अंगापेक्षा गार असलं की पुरे. पण एक बघा: दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देतं. आधी हातावर घ्या, गरम असेल तर वाहू द्या, नाहीतर माठ रिकामा करा.

"गार पाण्यानं झटका बसतो" ही समजूत कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतील आणि उष्णता आतच अडकेल, या तर्कातून आली. तर्क ऐकायला बरा वाटतो. पण उन्हात कोसळलेल्या धावपटूंनाही बर्फाच्या पाण्यात बसवूनच थंड करतात. उशीर हाच खरा मारक. ओला टॉवेल किंवा गोणपाट मात्र अंगावर पांघरू नका. थोड्याच वेळात ते गरम होतं आणि वाफ अडवतं. खाली अंथरायला ते छान.

शुद्धीत असेल तर पिऊ द्या, बळजबरीनं तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल. श्वास संथ होऊ लागला, किंवा थर्मामीटर साडेएकोणचाळीसवर आला, की पाणी थांबवा, नाहीतर पुढे अंग फारच गार पडतं. मग गाडीचा एसी लावून दवाखाना. वाटेत फोन करून कळवा. सणाच्या दिवशी कोणता दवाखाना उघडा आहे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं असलं म्हणजे बरं.

## मनी, ससा आणि पिंजऱ्यातले पक्षी

मांजर शहाणं, ते स्वतःची जागा शोधतं, पण पाणी सहसा कमी पितं. भांडी घरभर ठेवा, खाण्यापासून दूर. मांजरानं तोंड उघडून धापा टाकल्या तर ती गंमत नव्हे; कुत्र्याला जे नेहमीचं ते मांजराला धोक्याचं. बोका लघवीला बसून कुंथत असेल तर तो दवाखाना त्याच दिवशी. आणि उन्हाळ्यात उघड्या टाकलेल्या खिडक्यांना जाळी हवी. मांजरं पडतात, चौथ्या मजल्यावरूनही.

सशाला धड धापाही टाकता येत नाहीत, त्याचा सगळा भार कानांवर. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला घरात घ्या आणि पाणी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. तो तिला टेकून झोपतो. बजरीगर, लव्हबर्ड चोच उघडी ठेवून पंख अंगापासून लांब धरून बसले तर पिंजरा उन्हात आला असं समजा. (आणि राघू असेल तर ऊन हा दुसरा प्रश्न. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.) मासेही विसरू नका, पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. सणाला टाकीचे दिवे दिवसभर झगमगत ठेवायची गरज नसते.

या पाडव्याला आमच्याकडे चौदा पाहुणे होते. बाळ्याला कुठे ठेवायचं यावर मी बराच खल केला, मग सगळी दारं उघडी टाकली आणि त्यालाच ठरवू दिलं. तो दिवाणखान्यातून एक चक्कर मारून आला, श्रीखंडाच्या पातेल्याकडे हताशपणे बघितलं, आणि जाऊन मोरीत नळाखाली पसरला. दुपारभर प्रत्येक पाहुणा हात धुवायला त्याला ओलांडून गेला. मावशीआजींनी तर सोवळं सावरत, एका हातानं भिंत धरून.